बत्तीस वेळा चावूनही काहीच वाटत नाही

‘नमस्कार. माझं वय ४४. नोकरी करते, घरी आम्ही चौघं, स्वयंपाक माझ्याकडे. गेली काही वर्षं देवाधर्मातून मन उठलंय, पण त्या जागी दुसरं काही आलेलं नाही, हेही खरं. एका शिबिरात शिकवलं की साधं अन्न पूर्ण लक्ष देऊन खाल्लं तर त्या घासातच विराटाचं दर्शन होतं. शिवाय वजन उतरतं ते वेगळंच. मी तीन महिने इमानदारीत केलं. फोन लांब, डोळे मिटलेले, प्रत्येक घास ३२ वेळा चावायचा. घरातले गालातल्या गालात हसतात, अन्न गार होतं आणि मला दर्शन-बिर्शन काही होत नाही. कंटाळा तेवढा येतो. बरोबरच्या बायका म्हणतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्यातच काही कमी आहे का? की हे सगळं थोतांड आहे? अन्नातलं विज्ञान कळलं की उरलंसुरलं गूढही जातं, असंही वाटतं. – घास मोजणारी’

प्रिय ‘घास मोजणारी’,

तुमची सही वाचूनच मी थबकले. अर्धं उत्तर तिथेच आहे. एकवीस, बावीस, तेवीस करत बसलं तर तोंडात काय आहे याचा पत्ता लागणार कुणाला?

हे चावत बसण्याचं खूळ नवं नाही. शंभरएक वर्षांपूर्वी होरेस फ्लेचर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ घासाचं तोंडातच पार पाणी होऊन तो आपोआप घशाखाली उतरेपर्यंत चावा, असा प्रचार करत फिरत. लोक त्यांना ‘थोर चर्वणकार’ म्हणत आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं त्यांच्या नादी लागली होती. १९१९ मध्ये ते वारले, मग ते वेडही ओसरलं. नीट चावून खावं, पोटाला बरं, याबद्दल वाद नाही. पण जबड्याच्या कवायतीतून कुणाला परमार्थ सापडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दुसरं, ते वजनाचं. तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला ते खटकलं. एकाच ताटासमोर बसून ‘हा घास केवढा अद्भुत आहे’ आणि ‘हा घास कमी कसा करू’ असे दोन विचार एका वेळी करता येत नाहीत. दुसरा पहिल्याला खाऊन टाकतो. वजन उतरवायचं असेल तर त्याचा वेगळा विचार करा, डॉक्टरांना विचारा. आणि घास मोजणं, ताटातलं मोजणं हे जर शिबिराच्याही आधीपासून तुमच्या मागे लागलेलं असेल, खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल, तर हे सदर राहू द्या बाजूला आणि एखाद्या समुपदेशकाशी मोकळेपणानं बोला. तसं नसेल तर पुढे वाचा.

शिबिरात तुम्हाला जे शिकवलं त्याचा उगम बऱ्यापैकी साधा आहे. जॉन कबाट-झिन हे शिक्षणानं रेणूजीवशास्त्रज्ञ. त्यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणतणावावरचं एक केंद्र सुरू केलं. जुनाट दुखण्यांनी बेजार झालेले, औषधांनी फारसा फरक न पडलेले रुग्ण तिथे येत. त्यांना लक्ष म्हणजे काय हे समजावून सांगण्याऐवजी हातावर मनुका ठेवला जाई. बघा, बोटांनी चाचपा, कानाशी धरा, हुंगा, मग तोंडात टाका. माइंडफुल ईटिंगची, म्हणजे लक्ष देऊन खाण्याची, आज चालणारी बरीचशी शिबिरं या प्रयोगावर पोसलेली आहेत. पण तो प्रयोग एका मनुक्याचा होता हो! चौघांच्या जेवणाचा नव्हता, रोजचाही नव्हता. तुम्ही तीन महिने, दिवसातून दोनदा, ताटभर केलात. कंटाळा आला नसता तरच नवल.

त्यातून जिभेचंही एक आहे. एकच पदार्थ खात गेलं की त्याची गोडी घासागणिक कमी होत जाते. पोट भरायच्या आधीच. म्हणून तर पोट तुडुंब भरल्यावरही गोडाला जागा सापडते. म्हणजे विसाव्या घासात तुम्ही जे शोधत होतात ते पहिल्या दोन-तीन घासांतच होऊन गेलेलं असतं. तेव्हा माझं पहिलं सांगणं हे की, पहिला घास लक्ष देऊन खा आणि पुढे खुशाल गप्पा मारा. जेवताना माणसांशी बोलणं हे काही पाप नाही. घरातले हसतात, त्यांचंही बरोबरच आहे. समोर कुणी डोळे मिटून चावत बसलं तर मीही हसेन.

आता माझं सांगते. काही वर्षांपूर्वी तापातून उठले आणि वास गेला. सात आठवडे. या काळात मला कळलं की आपण ज्याला चव म्हणतो त्यातली बरीचशी नाकाची कमाई असते. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि तो सूपातला, मशरूममधला मांसल स्वाद एवढंच सांगते. बाकी सगळं घशामागून नाकात चढणाऱ्या वासावर चालतं. त्या सात आठवड्यांत कॉफी म्हणजे कढत कडू पाणी आणि भात म्हणजे मऊ, कोमट, ओलसर असं काहीतरी. मी जेवत होते, पण ते नुसतं भरण होतं. मग एक दिवस नात माझ्या मागे बसून संत्रं सोलत होती. मी दुसऱ्याच विचारात होते. आणि सुईसारखा बारीक, टोकदार असा तो वास आला. मी वळून तिच्या हातातली साल घेतली आणि उजेडासमोर दुमडली. सालीतून एक फवारा उडाला, इतका बारीक की उन्हातच दिसावा. पुन्हा दुमडली, पुन्हा उडाला. पोरीला वाटलं आजीचं काहीतरी बिनसलं. तिनं मला संत्र्याच्या सगळ्या साली देऊन टाकल्या. (तीच साल मेणबत्तीच्या ज्योतीशी दाबली तर त्या तेलाच्या ठिणग्या उडतात. हे आम्ही नंतर करून पाहिलं. मुलं असतील तर जरा लांबून.)

त्या क्षणी मी लक्ष देण्याचा कुठलाही सराव करत नव्हते. मला फक्त ‘हे काय आहे?’ एवढंच वाटलं होतं. तुमच्या शिबिरात मला हेच गाळलेलं दिसतं. तिथे तुम्हाला शांत व्हायला सांगितलं, कृतज्ञ व्हायला सांगितलं, विराट बघायला सांगितलं. कुतूहल धरायला सांगितलं नाही. नवल वाटून घे म्हटलं की वाटत नाही, जसं हस म्हटलं की हसू येत नाही. विचारण्यासारखं काहीतरी समोर असावं लागतं.

वास जाण्याचं दुखणं कुणाला येऊ नये, पण त्याची नक्कल मिनिटभर करता येते. थोडी साखर आणि चिमूटभर दालचिनीची पूड एकत्र करा. नाक घट्ट चिमटीत धरून ते जिभेवर ठेवा. नुसतं गोड लागेल, फार तर किंचित चुरचुरेल. आता नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. दालचिनी कुठून आली? ती तर मघापासून तोंडातच होती.

आता भाताकडे येऊ, कारण तुमचं गार होणारं अन्न बहुधा तेच असावं. भात नसेल तर पाव घ्या, बटाटा घ्या, पिष्ट असलेलं काहीही चालेल. एक घास बिनमिठाचा, बिनतेलाचा, नुसता. तो चावा, पण मोजू नका. वाट बघा. सुरुवातीला काहीच चव नाही. मग तो घास सैल होतो, दाणे वेगळे राहत नाहीत, आणि कधीतरी, गिळावंसं वाटू लागतं त्याच्या जरा पुढे, एक हलकी गोडी येते. साखर घातलेली नाही. लाळेतलं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं द्रव्य, पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं आणि त्यातून साखर सुटते, तीच ती गोडी. म्हणजे ती साखर दाण्यात आधीपासूनच होती, गुंफलेल्या स्थितीत.

आणि ती दाण्यात आली कुठून? हा प्रश्न माणसाला फार उशिरा सुटला. सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट यांनी एका कुंडीत २०० पौंड कोरडी माती तोलून घातली आणि ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी. मग झाड उपटून तोललं तर भरलं १६९ पौंड. माती वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी. हेल्मोंट म्हणाले, झाड पाण्याचं बनलंय. त्यांच्या पश्चात १६४८ मध्ये हे छापून आलं. उत्तर अर्धंच बरोबर होतं. पण माती नव्हे एवढं त्यांनी दाखवून दिलं, आणि आजही आपल्यापैकी बहुतेकांना झाड मातीतूनच अंगावर मांस चढवतं असं वाटतं. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी दाखवलं की हिरवं पान उजेडातच हवेशी काही देवघेव करतं. त्यानंतर हळूहळू उलगडलं की दाण्यातला सगळा कार्बन हवेतून येतो. हवेच्या दहा हजार भागांत ज्याचे चारेक भाग असतात, त्या कार्बन डायऑक्साइडमधून.

म्हणजे ताटातला भात हा बराचसा घट्ट झालेली हवा आणि पाणी आहे. सूर्यापासून निघून आठेक मिनिटांत पानावर पोचलेल्या उजेडानं त्याला गाठ मारलेली. ती गाठ आपण खाल्ल्यावर सोडवतो, ऊब आणि हालचाल काढून घेतो, आणि उरलेला कार्बन पुन्हा श्वासाबरोबर बाहेर सोडतो. आज खाल्लेल्या घासाचा बराच भाग उद्यापर्यंत तुमच्या नाकातून हवेत गेलेला असेल. हे मला समजलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. घास हातात धरून मी काही वेळ नुसती श्वास सोडत बसले होते. पत्राच्या शेवटी तुम्ही म्हणता, विज्ञान कळलं की गूढ जातं. माझ्याकडून तर काही गेलं नाही. उलट आधी जो नुसता भात होता त्यात आता हवा आहे, उजेड आहे, माझा श्वास आहे.

तुम्ही स्वयंपाक करता, आणि दर्शनाची वाट मात्र जेवायला बसल्यावर बघता. दिवसभर राबून, चौघांना वाढून झाल्यावर तुमच्यात उरतं काय? त्यापेक्षा ओट्याशी बघा. कांदा घ्या. अख्खा कांदा कितीही जवळ धरा, डोळे झोंबत नाहीत. डोळ्यांना झोंबणारी ती वाफ अख्ख्या कांद्यात नसतेच मुळी. तिची सामग्री पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असते. सुरी चालली, कप्पे फुटले, की ती एकत्र येते आणि त्या क्षणी ती वाफ तयार होते. ज्या एन्झाइममुळे ती बनते त्याचा शोध जपानी संशोधकांनी २००२ मध्ये लावला. कांदा माणूस हजारो वर्षं खातोय आणि आपण रडतो का, याचा एक दुवा या शतकात सापडला! म्हणून धारदार सुरीनं कमी झोंबतो, पेशी कमी चिरडतात. दोन चकत्या बोथट सुरीनं आणि दोन धारदार सुरीनं करून बघा. डोळ्यांत पाणी येण्याची तुमची हौसही भागेल.

ओट्याशी बघण्याचा हा विचार माझा नाही. १२२३ मध्ये दोगेन नावाचा एक तरुण जपानी भिक्षू शिकायला चीनला गेला. जहाज बंदरात थांबलेलं असताना एका मठाचा एकसष्ट वर्षांचा स्वयंपाकी लांबून पायी चालत मशरूम घ्यायला आला. दोगेननं त्याला राहायचा आग्रह केला. तो म्हणाला, उद्याचं जेवण कोण करणार? दोगेन म्हणाला, एवढ्या वयात ध्यान करायचं, ग्रंथ वाचायचे सोडून स्वयंपाकघरात कशाला राबता? म्हातारा मोठ्यानं हसला आणि म्हणाला, पोरा, साधना कशाला म्हणतात हे तुला अजून कळलेलं नाही. दोगेन ते विसरला नाही. पुढे स्वतः गुरू झाल्यावर १२३७ मध्ये त्यानं मठातल्या स्वयंपाक्यांसाठी सूचना लिहिल्या. त्यात तांदूळ धुण्याबद्दल आहे की तांदूळ बघताना खडा बघावा आणि खडा बघताना तांदूळ. मला हे फार आवडतं, कारण यात विराट-बिराट काही नाही. खडा दाताखाली येऊ नये एवढाच विषय आहे.

मात्र एक गोष्ट. ‘स्वयंपाक ही साधना आहे’ हे वाक्य घरात कुणी ऐकलं आणि लगेच सगळी भांडी तुमच्या गळ्यात मारली, तर साधनेचा लाभ त्यांनाही मिळायला हवा, असं स्वच्छ सांगा. तो म्हातारा स्वयंपाकी होता, मठाची मोलकरीण नव्हता. त्याला मान होता. कंटाळा हा नेहमीच आत काही कमी असल्याचा पुरावा नसतो, बऱ्याचदा तो नुसता थकवा असतो. आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या कुणीतरी कांदा चिरला तर तुमचं निम्मं अध्यात्म मार्गी लागेल असा माझा अंदाज आहे.

आता थोडं न गोड लागणारं. अन्नाकडे नीट बघत गेलं की सगळं काही कृतज्ञता वाटावी असं निघत नाही. घासातलं प्रथिन नायट्रोजनशिवाय होत नाही. हवेत तो भरपूर आहे, पण झाडाला तसाच घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू तो झाडाला पचेल असा करून देतात, साध्या मातीच्या तापमानाला, गाजावाजा न करता. जिवंत गाठ नखानं फोडली तर आत गुलाबी निघते, कारण आपल्या रक्तातल्या तांबड्या द्रव्याचं भावंड तिथे असतं. हेच काम माणसाला कारखान्यात करायला चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. ती युक्ती फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत साधली, कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये कारखान्यात. त्या खतावर आज जगातली जवळजवळ निम्मी माणसं जेवतात असा अंदाज आहे. आणि याच हाबर यांनी २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये सैनिकांवर क्लोरीन वायू सोडण्याच्या कामावर जातीनं देखरेख केली. १९१८ चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्यांनाच मिळालं. कुणाच्याही ताटात हा माणूस असू शकतो, आणि ती गुलाबी गाठही. यातून काय वाटून घ्यायचं हे मी तुम्हाला सांगणार नाही. मला स्वतःला दर वेळी वेगळं वाटतं. पण कंटाळा मात्र कधी आलेला नाही.

तुमच्या बरोबरच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं, येऊ द्या. खोटं असेल असं मी म्हणणार नाही. काही माणसांना पटकन येतं, काहींना येत नाही. काहींना नवल वाटलं की भुवई वर जाते, काहींना वाटलं की प्रश्न पडतात. तुम्ही तीन महिने काहीच वाटत नसताना ‘वाटतंय’ असं म्हटलं नाहीत, उलट मला पत्र लिहिलंत. जिला सगळं ठीक चाललंय असं स्वतःला पटवायचं असतं ती असं पत्र लिहीत नाही. तुम्ही विचारता, तुमच्यात काही कमी आहे का? मला दिसत नाही. थोतांड आहे का? शिबिराची जाहिरात थोडी आहे, मनुका नाही.

आणि देवाधर्मातून मन उठल्याचं लिहिलंत. त्या रिकाम्या जागेत भात भरा असं मी म्हणणार नाही, तो तिथे बसायचा नाही. ती जागा आहे तशी राहू द्या काही दिवस. आश्चर्य वाटायला आधी श्रद्धा लागते अशी काही अट नाही, आणि एखाद्या संध्याकाळी ओट्याशी उभं राहून तुम्हाला नुसतं गप्प व्हावंसं वाटलं, तर त्याला काय म्हणायचं ते त्याच दिवशी ठरवायची घाईही नाही.

सध्या एवढंच करा. या आठवड्यात जेवणं नेहमीसारखी, बोलत, हसत, गरम गरम. फक्त एक दिवस घरात कुणी नसताना बिनमिठाचा एक घास घ्या आणि तो गोड होईपर्यंत थांबा. पुढच्या आठवड्यात दोन सुऱ्या आणि एक कांदा. त्यानंतरचं पुढे बघू. आणि मला कळवा, तुमचा घास साधारण केव्हा गोड झाला ते. माझा अजूनही दर वेळी अपेक्षेपेक्षा उशिराच होतो.